बिनकामाचं वजन

आमचे हे काटे दुरुस्त करतात. भाजीवाल्यांच्या तागड्या, किराणा दुकानांतले काटे, सोनाराच्या काचेच्या पेटीतला एवढासा काटा आणि धान्याच्या गोदामाबाहेरचा, अख्खा ट्रक अंगावर घेणारा भुईकाटा, सगळे कधी ना कधी ह्यांच्या हाताखालून जातात. लोक ह्यांना काटेवाले म्हणतात. लग्नाआधी आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी लाजत लाजत विचारलं, "मी कशी वाटले?" तर म्हणाले, "बावन्न." आणि जरा विचार करून, "दोनशे ग्रॅम इकडेतिकडे." मी तिथूनच उठून चालू पडायला हवं होतं. पण घरी जाऊन काट्यावर उभी राहिले तर बरोबर बावन्न. ह्या माणसाला फसवता येणार नाही हे मला तेव्हाच कळलं, आणि तरीही मी लग्न केलं.

मी वेधशाळेत नोकरीला आहे. असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी आकाशाकडे डोळे लावून बसत असेन. प्रत्यक्षात मी एकोणीस वर्षं खालच्या कचेरीत, जिन्याखालच्या टेबलावर, फोनला कान लावून दुसऱ्यांनी पाहिलेली हवा उतरवून घेत होते. डोंगरमाथ्यावर आमचं एक लहानसं ठाणं आहे. पांढरी जाळीची पेटी, तिच्यात तापमापक, बाजूला पाऊस मोजायचं भांडं, खांबावर वाऱ्याचं पातं आणि एक खोली. तिथला निरीक्षक रोज सकाळी साडेआठला हे सगळं वाचतो आणि खाली फोन करतो. साडेआठ म्हणजे साडेआठ. सगळ्या ठाण्यांची नोंद एकाच वेळी व्हावी लागते. आठ चाळीसला घेतलेलं तापमान आमच्या लेखी तापमानच नव्हे.

त्या वर्षी वरचे निरीक्षक निवृत्त व्हायचे होते. ते एकटेच होते, त्या खोलीतच राहायचे. त्यांच्यानंतर खोलीत दुसऱ्याच कामाची यंत्रं बसणार होती, म्हणजे राहायची सोय बंद. कचेरीत कुणी वर जायचं नाव काढेना. मी सरळ साहेबांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, ती जागा मला द्या.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, रोज जाणार कशा? डोंगराखालचं जंगलखात्याचं फाटक आठला उघडतं. बस वर पोहोचते नऊला."

"ते माझं मी बघते."

"बघा मग. नऊ आठवडे आहेत. एक तारखेला साडेआठची नोंद तुमच्याकडून आली, तर जागा तुमची. नाही आली तर तिथे आपोआप मोजणारं यंत्र बसेल आणि जागाच रद्द होईल. परत मागायला येऊ नका."

घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. एकोणीस वर्षं मी लिहिलं होतं, वारा वायव्येकडून, आकाश निम्मं ढगाळ, आणि मान वर करून बघावं तर डोक्यावर जिना. मला ती हवा माझ्या डोळ्यांनी बघायची होती. निवृत्त होईपर्यंत त्या जिन्याखाली बसले असते तर मी आतून आंबट झाले असते, हे मी आज उघड सांगते.

हिशेब साधा होता. आठला फाटक, साडेआठला नोंद. मध्ये अकरा किलोमीटरचा चढ आणि सतरा वळणं. वर गेल्यावर पेटी उघडायला, वही काढायला पाच मिनिटं सोडली तर हातात राहिली पंचवीस.

तोवर आमच्या घरी सायकल होती. ह्यांनी चार दिवसांत एक जुनी मोटरसायकल शोधून आणली आणि ती बघून मी कपाळावर हात मारला. ड्रायव्हिंग स्कूलची शिकाऊ गाडी होती ती. शंभर सीसीची, पुढेमागे जाड लोखंडी गार्ड, टाकीवर पोचे, आणि मागे ‘शिकाऊ’ लिहिलेला पत्रा. शहरातल्या अर्ध्या लोकांनी आयुष्यातली पहिली आपटी ह्याच गाडीवरून खाल्ली होती. रस्त्यात लोक थांबून ओळख दाखवायचे, आम्हाला नाही, गाडीला. "अजून चालते का ही?" म्हणत एकाने भर चौकात पँट वर करून गुडघ्यावरचा व्रण दाखवला. शाळा बंद झाली होती आणि तिचे मास्तर आता घरामागच्या शेडमध्ये गाड्यांची दुरुस्ती करायचे. त्यांना सगळं शहर क्लचसर म्हणतं, कारण तीस वर्षं मैदानाच्या मधोमध उभं राहून ते एकच शब्द ओरडत आले. गाडी देताना त्यांनी ह्यांना सांगितलं होतं, "दिसायला साधी आहे, पण स्वभावाने चांगली आहे."

मी म्हटलं, "अहो, गाडी बघायला गेला होतात की स्थळ?"

पहिल्या रविवारी आम्ही निघालो. हे पुढे, मी मागे. सहा वळणं बरी गेली. सातव्याला इंजिनाचा आवाज घोगरा झाला, आठव्याला गाडी खोकली, आणि नवव्याला पायी चालणारी माणसं आमच्या पुढे जायला लागली. "जरा उतरतेस का?" हे समोर बघतच म्हणाले. मी उतरले. गाडी टुणकन पुढे गेली आणि मी तिच्या मागून चालत. वळणावर हे थांबले, मी चढले, पुढच्या चढाला पुन्हा उतरले. असं पाच वेळा. शेवटच्या वेळी मागून आलेल्या मोटारीतल्या एका बाईंनी काच खाली करून मला विचारलं, "सोडू का वर?" ह्यांच्यादेखत! माथ्यावर पोहोचलो तेव्हा फाटकापासून बावन्न मिनिटं झाली होती. बावन्न हा आकडा मला तेव्हापासून आवडेनासा झाला.

घरी येऊन ह्यांनी गाडीचं निदान एका शब्दात केलं. "वजन."

त्या गाडीवरचं सगळ्यात मोठं सुटं वजन कोण, हे सांगायला काटेवाला लागत नाही. बावन्नाचे एव्हाना सदुसष्ट झाले होते आणि ते आम्हा दोघांनाही ग्रॅमसकट ठाऊक होतं. पण माणूस शहाणा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, गाडीच सुटी करायला घेतली.

आमच्या पुढच्या खोलीचा कारखाना झाला. गार्ड, कॅरियर, मोठं स्टँड, सगळं काट्यावर चढलं आणि फरशीवर खडूने वजनं लिहिली गेली. हत्यारांच्या डब्यातून गाडीची शाळेतली वीस वर्षं बाहेर पडली: क्लचच्या चार तुटक्या तारा, एक शिट्टी आणि कुणाची तरी एकच चप्पल. सासूबाई आत-बाहेर करत होत्या. "सूनबाई, माझी खुर्ची कुठे गेली गं?" "त्यावर इंजिनाचं झाकण वाळतंय, आई." त्यांनी एकदा ह्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला आणि पलंगावर जाऊन बसल्या.

आरसे मात्र मी काढू दिले नाहीत. "मागचं दिसायला नको?" मी म्हटलं.

"मागे तूच असणार."

"म्हणूनच म्हणते."

सगळ्यात शेवटी हँडलच्या दोन्ही टोकांना बसवलेले दोन लोखंडी गोळे ह्यांच्या नजरेत भरले. हातात घेऊन जोखले आणि म्हणाले, "दीड-दीडशे ग्रॅम. ना कशाला धरतात, ना कशाला जोडतात. नुसते बसून आहेत फुकटे." तेही निघाले. एकूण अठरा किलो सहाशे चाळीस ग्रॅम लोखंड कोपऱ्यात जमलं आणि ह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू स्वतःच बारीक झालेत.

पुढच्या रविवारी चव्वेचाळीस मिनिटं लागली. मला तीनदाच उतरावं लागलं. आठ मिनिटं वाचली म्हणून हे इतके खुशीत की त्या दिवसापासून कामालाही गाडीच न्यायला लागले, या टोकाच्या बाजारातून त्या टोकाच्या गोदामात, दिवसभर.

आणि दहा-बारा दिवसांनी सोनाराचा काटा लावताना ह्यांच्या चिमट्यातून मिलिग्रॅमचं वजन निसटलं. ही वजनं म्हणजे पत्र्याची एवढीशी कात्रणं असतात, श्वास लागला तरी उडतात. हे तासभर दुकानाच्या फरशीवर पालथे. दुसऱ्या दिवशी दोन निसटली. मला काही बोलले नाहीत, पण सकाळी शर्टाची बटणं लावायला ह्यांना एवढा वेळ लागताना मी बघत होते. जेवताना टेबलाखाली बोटं चोळत बसायचे. शेवटी मी हातच धरला.

"बोटं झोपल्यासारखी झालीत," हे म्हणाले. "मुंग्या येतात. मग काही कळतच नाही."

ह्या माणसाची सगळी विद्या त्या दहा बोटांच्या टोकांत. काटा बरोबर आहे की नाही हे ह्यांना डोळ्यांच्या आधी बोटं सांगतात. मनात नाही नाही ते रोग येऊन गेले. डॉक्टरांनी मान, खांदे, साखर, सगळं तपासलं, काही निघेना. मी म्हटलं, खड्ड्यात गेली ती जागा, गाडी आजच्या आज परत करायची.

"गाडीचा काय संबंध?"

"मला नाही माहीत. ती आल्यापासून घराला घरपण नाही एवढं माहीत आहे."

क्लचसरांनी परत आलेल्या गाडीकडे पाहिलं, ती सोलून ठेवलेली बघून कळवळले, आणि सवयीने चालू करून दोन्ही मुठी धरल्या. पाच सेकंदांत हात काढून घेतले.

"टोकं कुठे आहेत हिची?"

"कुठली टोकं?"

"हँडलची! ते दोन गोळे!"

"ते होय," हे म्हणाले. "बिनकामाचे होते. काढले."

क्लचसर खाली बसले. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. एवढ्याशा इंजिनाची सगळी थरथर हँडलच्या नळीतून हातात येते. टोकाला वजन असलं की ती तिथेच मरते. तुम्ही ते काढलंत आणि दिवसभर ती थरथर बोटांत भरून घेतलीत. "काटेवाले, ते नुसते बसले नव्हते. ते बसून काम करत होते."

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "बघा! मी इतकी वर्षं दुसरं काय सांगतेय?"

गोळे परत बसले आणि आठवड्याभरात ह्यांची बोटं जागी झाली. पहिल्या दिवशी ह्यांनी डोळे मिटून माझ्या हातावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "इथे भाजलंय तुला, कालचं." मी तोंड फिरवून डोळे पुसले.

आता क्लचसरांनीच गाडी ताब्यात घेतली. "गाडी हलकी करून भागत नाही, आधी मोकळी करावी लागते," म्हणाले. मागचा ब्रेक सदा घासत होता, कारण शिकाऊंनी पळू नये म्हणून त्यांनीच तो आवळून ठेवला होता. हवेची जाळी मैदानाच्या धुळीने गच्च झाली होती. चेन सैल, टायरांत हवा कमी. मागचं दातेरी चक्र काढून दोन दाते जास्त असलेलं घातलं. पळायला जरा कमी, चढायला जास्त. आणि मग मुठीची तार उघडली तेव्हा त्यांचा चेहरा पडला. तारेत बोटभर लांबीची एक नळी अडकवलेली होती. शिकाऊंनी मूठ पूर्ण पिळू नये म्हणून, त्यांनीच, केव्हातरी. साफ विसरून गेले होते.

"म्हणजे," हे हळूहळू म्हणाले, "इतके दिवस ही अर्ध्याच मुठीवर चालत होती?"

"हो."

"आणि मी दीडशे ग्रॅमसाठी बोटं घालवत होतो."

"हो," क्लचसर म्हणाले, आणि मग दोघेही एवढे हसले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी सतरावं वळण बसल्या जागी पार केलं. मी एकदाही उतरले नाही! मी मागून एवढ्या जोरात ओरडले की ह्यांना वाटलं, काहीतरी पडलं. पण घड्याळ बघितलं आणि मी थंड झाले. चौतीस मिनिटं. चार दिवसांनी पुन्हा जाऊन पाहिलं, चौतीसच. नऊ मिनिटं जास्त, आणि हातात अठरा दिवस. क्लचसरांनी हात वर केले. "दोघांना घेऊन ह्याहून लवकर नाही चढणार ती. शंभर सीसीची गाडी आहे, हत्ती नाही."

त्या संध्याकाळी मी भांडी आपटत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "माझी एक चूक झाली," म्हणाले. "सगळ्यांना काट्यावर चढवलं. एकाला सोडून."

आली माझी पाळी, मला वाटलं. मी सहा आठवडे त्याचीच वाट बघत होते. "बोला ना," मी म्हटलं, "सदुसष्ट. बोला एकदाचं."

"ब्याऐंशी."

"ब्याऐंशी? मी?"

"मी," हे म्हणाले. "नोंद तुला घ्यायची आहे. साहेबांनी तुला विचारलंय. माझं वर काम काय? त्या गाडीवर बिनकामाचं वजन एकच आहे, आणि ते पुढच्या सीटवर बसतं."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मला हसू आलं, रडू आलं आणि रागही आला, सगळं एकदम. ह्या वयात! मागे बसून हातात पिशवी धरायची एवढीच माझी गाडीशी ओळख. "मला नाही येत गाडी," मी म्हटलं.

"कुणालाच येत नव्हती," हे म्हणाले. "आख्ख्या शहराला त्या गाडीनेच शिकवलंय."

दुसऱ्या दिवसापासून गोदामाच्या आवारात, ट्रक नसायच्या वेळी, शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी मी तीनदा आडवी झाले. ह्यांनी पुढचा गार्ड परत बसवला, साडेपाच किलोचा, आणि एकदाही तक्रार केली नाही. भुईकाट्यावरून गेलं की वरच्या फळीवर लाल आकडे उमटायचे आणि गोदामातले हमाल टाळ्या वाजवायचे. "पावणेदोनशे!" एकजण वाचून दाखवायचा. मी ओरडून सांगायची, "गाडीसकट आहे ते!"

क्लचसरांनी मला ‘क्लच’ खेरीज आणखी चार गोष्टी शिकवल्या. गियर वळणाच्या आधी उतरवायचा, वळणात नाही. वळणात घाबरून मूठ सोडायची नाही. नजर वळणाच्या पलीकडे ठेवायची, कारण जिथे बघाल तिथे गाडी जाते. मी खांबाकडे बघितलं. गाडी खांबाकडे गेली. आणि चौथी गोष्ट अशी की छोट्या गाडीला ओरडू द्यायचं. "तुम्ही घाबरून लवकर वरचा गियर टाकता, ताई. मग ती गुदमरते. ती ओरडते म्हणजे चिडलेली नाही, काम करतेय." हे मात्र मला एका फटक्यात समजलं. आमच्या घरात ओरडत काम करणारी दुसरी कोण आहे?

नवव्या दिवशी परवान्याची परीक्षा झाली. गाडी आली तेव्हाच ह्यांच्या आग्रहाखातर काढलेला माझा शिकाऊ परवाना तोवर कपाटात नुसता पडून होता. मी पाय न टेकता इंग्रजी आठाचा आकडा काढला. परीक्षा घेणारे गृहस्थ गाडीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मीपण हिच्यावरच शिकलो."

मग घाट. एकटीने पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं, कारण चौथ्या वळणावर इंजिन बंद पडलं आणि मी पाच मिनिटं तिथेच देवाचं नाव घेत उभी. मग एकतीस. मग अठ्ठावीस. त्या अठ्ठावीसच्या दिवशी काहीतरी झालं. अकराव्या वळणाला मी आधीच गियर उतरवला, नजर वर लावली, मूठ धरून ठेवली, आणि गाडी माझ्यासकट कलली आणि एका दमात वर निघाली. कुणी ढकललं नाही, कुणी धरलं नाही. मी हेल्मेटच्या आत एकटीच खो-खो हसले. आयुष्यात इतक्या उशिरा असं काही सापडतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खाली आल्यावर हे म्हणाले, "किती?" मी म्हटलं, "माहीत नाही, परत जाते." आणि खरंच परत गेले.

तीस तारखेला सव्वीस मिनिटं लागली. एक मिनिट जास्त. रात्रभर मी उशीवर गियर बदलत होते.

एक तारखेला पावणेआठला आम्ही फाटकापाशी. हे सायकलवरून आले होते. टायर दाबून पाहिले, चेन बोटाने उचलून पाहिली, आणि मग माझ्या पाठीवरची पिशवी उघडून जेवणाचा डबा काढून घेतला.

"अहो, मी काय खाऊ वर?"

"मी आणतो नऊच्या बसने. साडेआठशे ग्रॅम आहे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला कधी फूल आणून दिलं नाही. त्या दिवसापासून मी ती तक्रार सोडून दिली.

आठला फाटक उघडलं नाही. रखवालदार किल्ली शोधत होता. आठ वाजून एक मिनिट. मी मूठ पिळून गाडीला ओरडायला लावलं, तशी किल्ली पटकन सापडली. आडवा बांबू वर जातोय न जातोय तोच मी खालून निघाले.

पहिली सहा वळणं मी मोजलीच नाहीत. सातव्याला जिथे गाडी घोगरी व्हायची तिथे ती कोकिळेसारखी नाही म्हणत, पण खणखणीत ओरडली. नवव्याला, जिथे मला पहिल्यांदा उतरवलं होतं, मी दुसऱ्या गियरमध्ये सरळ वर. आणि बाराव्याच्या आधी समोर पाण्याचा टँकर. रस्ताभर पसरून, गोगलगाईच्या चालीने. माझ्या तोंडून जे शब्द गेले ते मी लिहीत नाही. त्याच्या मागे वळण घेतलं, काळा धूर खाल्ला, आणि मनाला बजावलं, टँकरकडे बघायचं नाही, त्याच्या पलीकडे बघायचं. वळण संपून सरळ तुकडा दिसला, समोरून कुणी नाही. गियर आधीच खाली होता. मूठ पिळली, पूर्ण पिळली, जितकी त्या गाडीची मूठ वीस वर्षांत कुणा शिकाऊने पिळली नव्हती. माझी शंभर सीसीची गाडी ओरडत, थरथरत टँकरच्या चाकांवरून, दारावरून, नाकावरून पुढे गेली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी हात दाखवायला मोकळी नव्हते, नाहीतर दाखवला असता.

सतरावं वळण. माथा. पांढरी पेटी. मनगटावर आठ पंचवीस. चोवीस मिनिटं!

गाडी उभी केली आणि धावले, आणि पेटीपाशी येऊन मला थांबावं लागलं. तापमापकावर श्वास पडला तर पारा चढतो. आणि मी तर भात्यासारखी धापा टाकत होते. म्हणून दोन मिनिटं पाठ फिरवून उभी राहिले. तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. डोक्यावर जिना नव्हता. पूर्वेला ढगांची एक पातळ रांग, बाकी सगळं मोकळं, आणि वारा, जो मी एकोणीस वर्षं कागदावर लिहिला होता, तो माझ्या शर्टाच्या बाह्यांत शिरत होता. वायव्येचा नव्हता. नैर्ऋत्येचा होता. मीच बघितलं.

ठीक साडेआठला श्वास रोखून पेटी उघडली. कोरडा तापमापक, ओल्या फडक्याचा तापमापक, दशांशापर्यंत. वारा, ढग, पाऊस शून्य, हवेचा दाब. आकडे वहीत उतरवले, दोनदा तपासले. मग आत जाऊन फोन फिरवला.

फोन साहेबांनी उचलला. माझ्या टेबलावर, माझ्या खुर्चीत, बहुधा घड्याळ बघत बसले होते. "कोण?"

"माथ्यावरून बोलतेय."

"बाई? तुम्ही वर? कशावरून गेलात? एकट्या?"

एकोणीस वर्षं ह्याच फोनवर वरून माझ्याशी कुणी अवांतर बोललं नव्हतं. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. रोज दोनच शब्द यायचे, मग आकडे, आणि मी मुकाट्याने पेन उचलायची.

"साहेब," मी म्हटलं, "लिहून घ्या."